संस्कृतीचा अभ्यास आणि उपजीविकेचा प्रश्न

(स्लाऊ येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी मधुमेह किंवा हृदयविकार यांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात. गेली कित्येक वर्षे मी तेच करीत आलो आहे. यंदा मात्र मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. आपल्या घरातील जी मुले-मुली वैद्यक, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र न घेता संस्कृती-अभ्यास, माध्यमशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र अशा विषयांत पदवी घेतात, त्यांना उपजीविकेसाठी कोणती कौशल्ये लागतात, या प्रश्नावर मी बोलणार आहे. या विषयावर बोलण्याचा डॉक्टरला काय अधिकार, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझा अधिकार एकच. मी अशा एका मुलीचा बाप आहे, आणि या बाबतीत मी चुकलेलो आहे.

आपल्या पिढीची पार्श्वभूमी आपण जाणतोच. माझे वडील मनमाडला रेल्वेत कामगार होते. तत्कालीन औरंगाबाद येथून मी एम.बी.बी.एस. झालो आणि १९९६ साली या देशात आलो. प्लॅबची परीक्षा, रात्रपाळ्या, दर सहा महिन्यांनी बदलणारी रुग्णालये, हे सर्व माझ्यासारख्या अनेकांनी भोगले. त्या अनुभवातून एक समीकरण आमच्या मनात पक्के बसले. ज्या शिक्षणाच्या शेवटी निश्चित नोकरी आहे तेच शिक्षण. बाकी सारी हौस. हे समीकरण आपल्या गरजेतून जन्मले होते, त्यामुळे त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु गरजेतून जन्मलेली प्रत्येक समजूत पुढील पिढीलाही लागू पडते असे नाही.

२०१८ साली माझ्या मुलीने संस्कृती-अभ्यास हा विषय घेण्याचे ठरविले. मी तिला म्हणालो, "तुझ्या आजोबांनी रुळांवर घण मारले ते काय तू सिनेमे पाहावेस म्हणून?" ती काही बोलली नाही. तिच्या आईने मध्यस्थी केली आणि मुलगी विद्यापीठात गेली. २०२१ साली ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली, आणि त्यानंतर अकरा महिने तिला त्या विषयातील कोणतेही काम मिळाले नाही. त्या काळात ती एका गोदामात पेट्या बांधत होती. मी तोंडाने काही बोलत नव्हतो. परंतु माझ्या चेहऱ्यावर "मी सांगत होतो" हे वाक्य रोज लिहिलेले असे, हे तिने मला नंतर सांगितले.

प्रथम हा विषय म्हणजे काय ते थोडक्यात पाहू, कारण आपल्यातील पुष्कळांना तो केवळ करमणुकीचा वाटतो. संस्कृती-अभ्यासाचे पहिले केंद्र १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी स्थापन केले. हॉगर्ट हे लीड्समधील गरीब वस्तीत वाढलेले अनाथ मूल. त्यांच्याच पिढीतील दुसरे विचारवंत रेमंड विल्यम्स हे वेल्सच्या सीमेवरील एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. हे दोघेही विद्यापीठांच्या उंच मनोऱ्यातून या विषयाकडे आले नाहीत; कित्येक वर्षे त्यांनी प्रौढ स्त्री-पुरुषांच्या वर्गांत शिकविले. पुढे त्या केंद्राची धुरा स्टुअर्ट हॉल यांच्याकडे आली. ते जमेकातील किंग्स्टन येथे १९३२ साली जन्मले, १९५१ साली शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले आणि काही काळ लंडनच्या एका शाळेत बदली शिक्षक होते. म्हणजे अनाथ मुलगा, सिग्नलमनचा मुलगा आणि स्थलांतरित मुलगा, या तिघांनी मिळून हा विषय घडविला. कामगारांच्या बोलण्यात, गाण्यांत, वर्तमानपत्रांत, जेवणाखाण्यात समाजातील सत्ता कशी वावरते, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य झालेले आहे. पुणे येथील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी, पोवाडा, सत्यशोधक जलसे यांचा अभ्यास केला आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या केंद्रातील विद्यार्थ्यांनी २००९ साली दलित समाजाच्या खाद्यस्मृतींचा अभ्यास सिद्ध केला. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आले आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद जगभर पोहोचला. आपल्या आजीच्या चुलीवर जे शिजत होते आणि ज्याविषयी आपण शाळेत बोलत नव्हतो, तो आता ग्रंथाचा विषय झाला आहे.

तथापि पालक म्हणून एक गोष्ट मी लपविणार नाही. विषय थोर असला म्हणून पोट भरत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी पदवी-शिक्षणाचे कमाल शुल्क ९,५३५ पौंड आहे. ऑगस्ट २०२३ नंतर शिक्षण सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांचे कर्ज, वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेले की वरच्या रकमेच्या नऊ टक्के याप्रमाणे, चाळीस वर्षांपर्यंत वेतनातून कापले जाते. खुद्द बर्मिंगहॅमचा तो प्रख्यात विभागही २००२ साली विद्यापीठाने बंद केला. अर्थात विभागाची कीर्ती विद्यार्थ्याचे रक्षण करीत नाही. त्याने स्वतःच्या हाताला काय वळण लावले आहे तेवढेच त्याच्याबरोबर राहते.

हाताला वळण म्हणजे काय, याचे एक उदाहरण याच गावात आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल १७८६ साली स्लाऊ येथे राहावयास आले. त्यांची भगिनी कॅरोलिन ही १७७२ साली जर्मनीतील हॅनोव्हरहून या देशात आली ती गायिका होण्यासाठी. म्हणजे एक स्थलांतरित, कलेचे शिक्षण घेतलेली तरुणी. पुढे ती बंधूच्या शेजारी बसून निरीक्षणे टिपू लागली, हिशेब करू लागली, याद्या तयार करू लागली. १७८६ च्या ऑगस्टमध्ये तिने येथूनच आपला पहिला धूमकेतू शोधला. १७८७ साली राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड वेतन सुरू केले. फ्लॅमस्टीड या जुन्या ज्योतिर्विदाच्या निरीक्षणांची तिने केलेली सूची १७९८ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच्या यादीतून सुटलेले पाचशेहून अधिक तारे त्यात नोंदविले गेले. आकाश सर्वांनाच दिसत होते. तिला वेतन मिळाले ते नेमकेपणाने नोंद करता येत होती म्हणून.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या हृदयातील. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. परंतु त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन केले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा सुप्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. आजच्या भाषेत तो संस्कृतीचाच अभ्यास होय. परंतु त्यांनी तेवढ्यावर भागविले नाही. मायदेशी परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद स्वीकारले, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, लंडनला येऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे मुंबईतील एका खाजगी संस्थेत व्यापारी कायदाही शिकविला. विचारांचा व्याप आकाशाएवढा, आणि त्याच्या जोडीला वकिली, हिशेब, संपादन, अध्यापन ही चार रोकडी कौशल्ये. आपल्या तरुणांनी बाबासाहेबांच्या पदव्या मोजाव्यात, त्याचबरोबर ही कौशल्येही मोजावीत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माझी मुलगी त्या अकरा महिन्यांत कोठे अडली? एका संग्रहालयाच्या मुलाखतीत तिला विचारण्यात आले, "आमच्याकडे आल्यावर पहिल्या महिन्यात तुम्ही काय कराल?" तिने वर्चस्व आणि प्रतिनिधित्व यांच्या सिद्धांतांवर पाच मिनिटे उत्तम विवेचन केले. नोकरी दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. घरी आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मला सगळं कळतं, पण काय येतं ते मला सांगता आलं नाही." हे वाक्य मी विसरलो नाही. कळणे आणि येणे यांतील अंतर भरून काढणे म्हणजेच कौशल्य. तिच्या आणि तिच्या मित्रमैत्रिणींच्या अनुभवांवरून मला जी कौशल्ये महत्त्वाची वाटतात ती क्रमाने सांगतो.

पहिले कौशल्य ऐकण्याचे. डॉक्टर म्हणून मला याचे मोल ठाऊक आहे. मागे एक वृद्ध मराठी बाई नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. "जीव घाबरतोय" असे त्या म्हणाल्या. नातवाने इंग्रजीत सांगितले, आजीला भीती वाटते. ती भाषा न जाणणाऱ्या डॉक्टरने त्यांना मन शांत ठेवण्याचा सल्ला देऊन परत पाठविले असते. हृदयाचा आलेख काढल्यावर हृदयविकार निघाला. शब्द तोच, परंतु त्यामागचे जग ठाऊक असणे वेगळे. मुलाखत घेणे, मध्ये न बोलणे, सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपणे, त्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेमका पोहोचविणे, हे काम आरोग्यसेवेला लागते, नगरपालिकांना लागते, धर्मादाय संस्थांना आणि संशोधन संस्थांनाही लागते. ब्रिटनमधील जातिभेदाविषयी शासनाने २०१० साली जो अभ्यास करवून घेतला, तोही मुख्यतः माणसांच्या मुलाखतींवरच उभा होता. आणि आपल्याकडे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून, आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. त्यांनी त्या बायकांना विचारले नसते, तर तो इतिहास त्या बायकांबरोबरच गेला असता.

दुसरे कौशल्य भाषेचे. आपल्या मुलांना मराठी समजते, पण वाचता येत नाही. हे आपले अपयश आहे, त्यांचे नव्हे. ज्या पदवीधराला इंग्रजीच्या जोडीला एक भारतीय भाषा लिहिता-वाचता येते, त्याच्यासाठी भाषांतर, उपशीर्षके, ग्रंथालये, अभिलेखागारे यांची दारे उघडतात. कोणती विद्या केव्हा उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. मोडी लिपीचे उदाहरण पाहा. ती कालबाह्य झाली असे सर्व म्हणत होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला.

तिसरे कौशल्य थोडक्यात लिहिण्याचे. विद्यापीठात पाच हजार शब्दांचा निबंध लिहिण्यास शिकवितात. संग्रहालयात एका वस्तूखालच्या पाटीवर पन्नास-साठ शब्द बसतात आणि ते दहा वर्षांच्या मुलालाही समजावे लागतात. अनुदानाच्या अर्जात प्रत्येक प्रश्नाला शब्दमर्यादा असते. तरुणांनी आपल्या प्रत्येक निबंधाचे दोनशे शब्दांत पुनर्लेखन करण्याची सवय ठेवावी.

चौथे कौशल्य आकड्यांचे. कलाशाखेत गेले म्हणजे गणित सुटले, हा मोठाच गैरसमज. स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली रस्त्यावरील लूटमारीविषयीच्या सामाजिक भीतीवर ग्रंथ लिहिला. वर्तमानपत्रे जिला नवा गुन्हा म्हणत होती, ती खरोखरच नवी आहे काय, हे त्यांनी गुन्ह्यांचे आकडे तपासून पाहिले. आकडे वाचता आले नसते तर केवळ निषेध उरला असता. तक्ता करता येणे, अंदाजपत्रक मांडता येणे, पाहणीचे निष्कर्ष समजणे, एवढे तरी आलेच पाहिजे. सांस्कृतिक संस्थांमध्ये अंदाजपत्रक सांभाळू शकणारी व्यक्ती पुढे जाते, असे मी पाहतो.

पाचवे कौशल्य हक्क आणि संमती यांविषयीच्या कायद्याचे. एखाद्याचे छायाचित्र, पत्र, ध्वनिमुद्रण जाहीर करावयाचे तर कोणाची परवानगी लागते? ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे आणि भारतात साठ वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेले व प्रसिद्ध केलेले ग्रंथ भारतात २०१७ च्या प्रारंभापासून सर्वांसाठी मुक्त झाले. एवढी माहिती ज्याला आहे, त्याची प्रत्येक प्रकाशनसंस्थेला गरज असते.

सहावे कौशल्य जतनाचे आणि नोंदणीचे. येथे मला घरचीच गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील तरुणपणी जलशात गात असत. १९९५ साली, या देशात येण्याच्या आधी, मी त्यांची गाणी एका कॅसेटवर ध्वनिमुद्रित केली. टेपरेकॉर्डर चालू करून मी कागदपत्रांच्या कामासाठी बाहेर गेलो, परत आल्यावर कॅसेट काढली आणि तिच्यावर वडिलांचे नाव लिहिले. पुढे ती येथे आणली. १९९८ साली आई गेली, २००३ साली वडील गेले. ती कॅसेट लावून ऐकण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. बॅगेत तशीच पडून राहिली.

त्या अकरा महिन्यांत माझ्या मुलीने ती शोधून काढली. चुंबकीय फिती खराब होत जातात आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. याच कारणास्तव ब्रिटिश लायब्ररीने २०१७ ते २०२२ या काळात देशभरातील जुनी ध्वनिमुद्रणे वाचविण्याची मोठी योजना राबविली. मुलीने या विषयाची माहिती वाचली, एका स्थानिक गटाकडून चांगले यंत्र उसने आणले आणि कॅसेटचे अंकीय रूपांतर केले. मूळ प्रत दाबून लहान न करता पूर्ण स्वरूपात ठेवायची, दोन वेगळ्या जागी प्रती ठेवायच्या, प्रत्येक फाइलला तारीख, स्थळ, भाषा, गाणाऱ्याचे नाव यांची नोंद जोडायची, हे सारे ती शिकली. मग एका रात्री ती माझ्याकडे आली.

"पप्पा, दुसरा आवाज कुणाचा आहे?"

मी म्हणालो, "दुसरा आवाज नाही. तुझे आजोबा एकटेच गात होते."

तिने ध्वनी लावला. वडिलांच्या मागून एक बाईचा आवाज धृपद उचलत होता. मध्येच वडील थांबून म्हणतात, "अगं, वरच्या पट्टीत घे." आणि ती घेते.

ती माझी आई होती. तिच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. सव्वीस वर्षे मी ती कॅसेट जवळ बाळगली आणि तिच्यावर एकाच माणसाचे नाव लिहून ठेवले होते. मुलीने नोंदपत्रात दुसऱ्या रकान्यात आजीचे नाव लिहिले, माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतले, आणि विचारले, "हे बाहेर कुणाला ऐकवायचं असेल तर आत्यांची आणि काकांची संमती घ्यायला हवी ना?" तिचे शिक्षण कशासाठी होते, हे मला त्या दिवशी समजले. मी तिची क्षमा मागितली.

पुढील मुलाखतीत तिने सिद्धांत सांगितला नाही. एका कॅसेटचे काय केले, किती वेळ लागला, किती खर्च आला, काय चुकले आणि कोणाची संमती घेतली, हे तिने सांगितले. आज ती एका संग्रहालयात स्थानिक समाजांबरोबर काम करते. पगार माझ्या सहकाऱ्यांच्या मुलांपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि नेमणूक मुदतीची आहे. चिंता संपली असे मी म्हणणार नाही. परंतु आता ती चिंता तिची आणि माझी मिळून आहे.

कागद आणि ध्वनी जपणे ही काही केवळ भावनेची बाब नाही. २०१८ साली विंडरश प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कॅरिबियन बेटांतून लहानपणी आलेल्या वृद्धांना या देशातील आपला अधिकार सिद्ध करण्यासाठी कागद मागितले जात होते. आणि त्यांच्या आगमनाची जुनी कार्डे गृहखात्याने २०१० साली नष्ट केलेली होती. ज्या समाजाचे कागद दुसऱ्याच्या हाती असतात, त्याचे अस्तित्वही दुसऱ्याच्या हाती असते. उलट उदाहरण लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घराचे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. स्थानिक कौन्सिलने तेथे संग्रहालयास परवानगी नाकारली, प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. अशा चौकशीत घोषणांचा उपयोग नसतो. वास्तूचे महत्त्व पुराव्यानिशी, नियमांच्या भाषेत मांडावे लागते. हर्शेल यांचे स्लाऊमधील घर मात्र आज उभे नाही. एक घर राहिले, एक गेले. आपल्या मुलांनी पहिल्या प्रकारचे काम करणारे व्हावे, असे मला वाटते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे काम तर स्वयंसेवकही करू शकतात. करू शकतात. वसंत मून यांनी शासकीय सेवेत राहून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित करण्याचे प्रचंड कार्य उभे केले. त्यांच्या निष्ठेला तोड नाही. परंतु प्रत्येक पिढीत असा एकच माणूस निघेल आणि तो आपले आयुष्य वेचील, या भरवशावर समाजाने राहू नये. हे काम शिकलेल्या, वेतन घेणाऱ्या, नियम जाणणाऱ्या तरुणांनी करावे.

विद्यार्थ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. या देशात नोकरीच्या जाहिरातीसोबत उमेदवारात काय हवे याची यादी दिलेली असते; त्यातील काही गोष्टी आवश्यक आणि काही इष्ट अशा असतात. अर्जात त्या यादीतील प्रत्येक आवश्यक गोष्टीपुढे स्वतःच्या कामाचे एक ठोस उदाहरण द्या. उदाहरण नसेल तर ते निर्माण करण्यासाठीच पदवीची तीन वर्षे असतात. पहिल्या वर्षी स्थानिक ग्रंथालय किंवा अभिलेखागारात काही तास काम करा. स्लाऊतील 'कर्व्ह' हे ग्रंथालय येथेच आहे आणि बर्कशायरचे अभिलेखागार रीडिंगला आहे. दुसऱ्या वर्षी एखादे यंत्र किंवा संगणकप्रणाली नीट शिका. तिसऱ्या वर्षी दुसऱ्यांना दाखविता येईल असे एक पूर्ण काम हाती ठेवा. आणि दुसरी सूचना: विनावेतन काम किती दिवस करायचे याची मर्यादा आधीच ठरवा. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच फुकट राबणे परवडते, आणि म्हणूनच या क्षेत्रात आपली मुले मागे राहतात.

पालकांना माझी विनंती अशी की मुलीने वा मुलाने असा विषय निवडला तर "नोकरी कुठे आहे?" एवढेच विचारून थांबू नका. "तुला यातून काय करता येईल, आणि ते शिकायला मी काय मदत करू?" असे विचारा. घरात मराठी वाचा. मुले प्रश्न विचारतील तेव्हा कंटाळा न करता उत्तर द्या.

शेवटी संघटनेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. या सभागृहात असे किमान वीस जण असतील, ज्यांच्या माळ्यावर, बॅगेत, कपाटात कॅसेटी, पत्रे, जुनी छायाचित्रे आणि मेळाव्यांची निमंत्रणे पडून आहेत. पुढील वर्षभरात संघटनेने त्यांची नोंद करावी. त्यासाठी आपल्यातीलच दोन पदवीधरांना ठराविक तासांचे योग्य वेतन देऊन नेमावे. आपण त्यांना वेतन देऊ तेव्हाच त्यांच्या विद्येला आपण काम मानतो, हे सिद्ध होईल. पहिल्या वर्षाच्या वेतनातील माझा वाटा मी आज कोषाध्यक्षांकडे देत आहे. आणि तुमच्या घरातील कॅसेट आणून द्याल तेव्हा तिच्यावर लिहिलेल्या एका नावावर विश्वास ठेवू नका. आधी ती पूर्ण ऐका.